वाचकांच्या वर्गणीवर चित्रकथा : स्वतंत्र मंच कसा उभा राहतो, कसा टिकतो

कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या डोंगररांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांच्या खोदकामास इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आरंभ झाला असे मानले जाते. तेथील खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत देणगीदारांची नावे कोरलेली आहेत. त्यांत पैठणच्या गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातील मितदेव आहे, तसेच राजवैद्य मगिल आणि त्याचे कुटुंबीय आहेत. येथेच सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचा उल्लेख आहे. ही मूर्ती आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या भिंतींवर जातककथा प्रसंगाप्रसंगाने रंगविलेल्या आढळतात. चित्रांतून कथा सांगणे आणि कलेचा खर्च अनेकांनी मिळून उचलणे या दोन्ही गोष्टी या भागाला नव्या नाहीत.

आज कन्नडसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या चित्रकाराला आपली चित्रमालिका प्रसिद्ध करण्यासाठी मुंबई-पुण्याच्या संपादकाची किंवा छापखान्याची वाट पाहावी लागत नाही. संगणक, चित्रफलक आणि इंटरनेट जोडणी असली की काम भागते. मात्र प्रसिद्धी सोपी झाली तरी खर्चाचा प्रश्न मिटलेला नाही. संकेतस्थळाचे भाडे दरमहा द्यावे लागते, चित्रकारालाही पोट असते आणि वाचकाला वेबवरचे सारे फुकट मिळण्याची सवय जडलेली असते. जाहिरातदार किंवा मोठी कंपनी पाठीशी न घेता, केवळ वाचकांच्या आधारावर चित्रकथांचा मंच चालविता येतो काय, याचा हा आढावा.

मंच म्हणजे काय?

वेबवर प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेला ‘वेबकॉमिक’ असे नाव रूढ झाले आहे. ती प्रसिद्ध करण्याचे मार्ग तीन. पहिला, चित्रकाराने स्वतःचे संकेतस्थळ उघडणे. येथे सर्व हक्क व सर्व खर्च त्याचाच. दुसरा, समाजमाध्यमांवर चित्रे टाकणे. येथे खर्च शून्य असतो, पण कोणते चित्र कोणाला दिसावे हे दुसराच कोणी ठरवितो, आणि जुना भाग शोधणे वाचकाला अवघड जाते. तिसरा मार्ग म्हणजे सामाईक मंच. अनेक चित्रकारांच्या मालिका एकाच संकेतस्थळावर असतात. प्रत्येक मालिकेचे भाग क्रमाने वाचता येतात आणि तांत्रिक व्यवस्था एकजण किंवा एखादा लहानसा गट सांभाळतो. ‘कॉमिकफ्युरी’ हा इंग्रजीतील असाच मंच चित्रकारांना विनामूल्य जागा देतो आणि वाचकांच्या ऐच्छिक मासिक आधाराचा उपयोग करतो.

या लेखात ‘स्वतंत्र’ हा शब्द मंचाची मालकी आणि धोरण गुंतवणूकदाराच्या किंवा जाहिरातदाराच्या हाती नाही, एवढ्याच अर्थाने वापरला आहे.

वर्गणीदाराची जुनी ओळख

वाचकाने पैसे पुढे करावेत आणि मगच मजकूर तयार व्हावा, ही कल्पना मराठीला परकी नाही. ‘वर्गणीदार’ हा शब्द त्याची साक्ष देतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’साठी मर्यादित कंपनी स्थापन केली, भाग विकले आणि गावोगाव वर्गणीदार मिळविले. त्यातून २३ खंडांचे काम पार पडले. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा खास अंकासाठी हात सैल सोडण्याची सवय मराठी वाचकाला लागली.

चित्रकाराने स्वतःच नियतकालिक चालविल्याचीही उदाहरणे आहेत. ‘किर्लोस्कर’चे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रकार होते. बाळ ठाकरे यांनी बंधू श्रीकांत यांच्यासह १३ ऑगस्ट १९६० रोजी सुरू केलेले ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक दुसऱ्याच्या वृत्तपत्रातील नोकरी सोडलेल्या चित्रकाराचे स्वतःचे व्यासपीठ होते.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर डॉ. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक विशेष अभ्यासण्याजोगे आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादेत सुरू झालेल्या या त्रैमासिकाने दलित साहित्याला हक्काची जागा दिली, आणि पानतावणे यांनी ते सुमारे पन्नास वर्षे सांभाळले. त्याचे लेखक-वाचक मेळावे वेगवेगळ्या गावी भरत. वाचक तेथे केवळ ग्राहक म्हणून येत नसे. उद्याचा लेखक म्हणूनही येत असे. वाचकाधारित मंचाचे खरे भांडवल हेच आहे.

या परंपरेत एक धोक्याची खूणही आहे. पुष्कळ नियतकालिकांनी अडचणीच्या वेळी एकरकमी पैसे घेऊन ‘आजीव वर्गणीदार’ केले. रक्कम दोन-तीन वर्षांत खर्च झाली, कागद आणि टपाल महागले, आणि अंक पाठविण्याचे बंधन मात्र कायम राहिले. आज एखादा मंच ‘एकदाच पैसे भरा, जन्मभर वाचा’ अशी योजना मांडतो तेव्हा तोच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. एकरकमी मिळालेला पैसा संगणक किंवा संकेतस्थळाची उभारणी अशा एकदाच होणाऱ्या खर्चाला लावावा. दरमहाच्या भाड्याला दरमहाचीच वर्गणी हवी.

जगाच्या अनुभवातून

वेबकॉमिकच्या अर्थकारणाचे अनेक प्रयोग अमेरिकेत झाले, आणि त्यांतील अपयशे यशाइतकीच बोलकी आहेत.

२००२ मध्ये जोई मॅनली यांनी ‘मॉडर्न टेल्स’ हा मंच सुरू केला. ताजा भाग सर्वांना खुला आणि मागील संग्रह वर्गणीदारांना, असा त्याचा बेत होता व मासिक वर्गणी २.९५ डॉलर होती. हा मंच सुमारे अकरा वर्षे चालला व २०१३ मध्ये बंद झाला. संग्रहाला कुलूप घातल्यामुळे पैसे मिळाले, पण नवा वाचक मालिकेच्या आरंभापासून वाचू शकत नसल्याने नवे वर्गणीदार मिळणे कठीण झाले. याच सुमारास स्कॉट मॅक्क्लाउड यांनी सूक्ष्म देयकांचा पुरस्कार केला आणि ‘बिटपास’ या व्यवस्थेद्वारे आपली चित्रकथा २५ सेंटना विकून पाहिली. ‘बिटपास’ २००७ मध्ये बंद पडले. किंमत अल्प होती हे खरे, पण दर वेळी ‘घ्यावे की न घ्यावे’ हा विचार करणे वाचकाला जड गेले.

२००९ मध्ये ‘किकस्टार्टर’ आले. रिच बर्ल्यू यांनी ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या वेबकॉमिकच्या जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणासाठी २०१२ मध्ये आवाहन केले, तेव्हा १४,९५२ जणांनी १२ लाख ५४ हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली. विशेष म्हणजे ही मालिका वेबवर विनामूल्य उपलब्ध होती. फुकट वाचलेल्या गोष्टीसाठी वाचक पैसे देतो, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे बर्ल्यू यांच्या हाताला दुखापत झाली आणि देणगीदारांना कबूल केलेल्या भेटवस्तू पुऱ्या करण्यास वर्षे लागली. आश्वासने देताना हात आखडता घ्यावा, हा दुसरा धडा.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘पेट्रिऑन’ने मासिक आधाराची पद्धत रूढ केली. डिसेंबर २०१७ मध्ये या कंपनीने प्रत्येक देणगीवर २.९ टक्के अधिक ३५ सेंट असे शुल्क देणगीदाराकडून घेण्याचे जाहीर केले. एक डॉलर देणाऱ्यावर ३८ सेंटचा बोजा पडणार होता. अनेकांनी आधार काढून घेतला, ओरड झाली आणि कंपनीने निर्णय मागे घेतला. मधल्या काही दिवसांत चित्रकारांनी गमावलेले सगळेच आधारदाते परत आले असे नाही. आपले वाचक आणि आपण यांच्यामधला धागा तिसऱ्याच्या हाती असला, की काय होते याचे हे उदाहरण.

खर्चाचे गणित

मंच चालविण्याचा खर्च चार बाबींवर होतो : संकेतनाम आणि जागेचे भाडे, चित्रे वाचकापर्यंत वाहून नेणारा डेटा, देखभाल करणाऱ्याचा वेळ आणि चित्रकारांचे मानधन.

डेटाचे एक नमुन्यादाखल गणित पाहू. एका भागात चार चित्रे, प्रत्येकी ३०० किलोबाइटचे, असे धरल्यास एक भाग सुमारे १.२ मेगाबाइटचा होतो. पाच हजार वाचकांनी तो उघडला तर सुमारे सहा गीगाबाइट डेटा खर्ची पडतो. आठवड्याला दोन भाग, म्हणजे महिन्याला सुमारे ५० गीगाबाइट. शिवाय एखादा नवा वाचक मागील दोनशे भाग एका बैठकीत वाचतो तेव्हा तो एकटाच २४० मेगाबाइट घेतो, आणि असे शंभर वाचक आले की २४ गीगाबाइटची भर पडते. मंच लोकप्रिय होऊ लागला की संग्रहाचे वाचन वाढते, आणि खर्चही नेमका तेव्हाच वाढतो. म्हणूनच चित्रे ‘वेबपी’सारख्या हलक्या स्वरूपात ठेवणे आणि वाचकाजवळच्या केंद्रातून ती पुरविणाऱ्या वितरणजाळ्याचा उपयोग करणे या गोष्टी आरंभीच कराव्यात. ग्रामीण भागातील वाचक भ्रमणध्वनीवर वाचतो, हे लक्षात घेता हलके चित्र ही त्याचीही सोय आहे.

आता उत्पन्न. समजा, चारशे वाचक दरमहा पन्नास रुपये देतात. एकूण २०,००० रुपये झाले. देयकसेवेचे शुल्क दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला तर ४७२ रुपये वजा होऊन १९,५२८ रुपये उरतात. त्यातील ७० टक्के चित्रकारांसाठी राखून ठेवले तर सुमारे १३,७०० रुपये होतात. दहा चित्रकारांत ते समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १,३७० रुपयांच्या आसपास येतात. उरलेल्या सुमारे ५,८०० रुपयांत जागेचे भाडे, राखीव निधी आणि देखभाल बसवायची. या रकमेवर कोणाचे घर चालणार नाही, हे स्पष्ट आहे. पण रंग, कागद, उपकरणे यांचा भार हलका होईल आणि आपल्या कामाला मोल आहे ही खात्री पटेल. मंचचालकांनी हे आकडे चित्रकारांपासून लपवू नयेत. दर महिन्याला जमा-खर्च मंचावरच प्रसिद्ध करणे हा वाचकाचा विश्वास मिळविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.

मराठी मंचाला आणखी एक मार्ग खुला आहे. वर्षभरातील निवडक मालिकांचा छापील दिवाळी अंक काढून त्याची आगाऊ नोंदणी घेता येते. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ ही पद्धत मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली आहे. नोंदणी झाली तेवढ्याच प्रती छापल्या की पैसा अडकून राहत नाही.

पैसे घ्यायचे कसे?

दहा-वीस वर्षांपूर्वी वाचकाकडून दरमहा पन्नास रुपये घेणे हेच मुळी अव्यवहार्य होते. क्रेडिट कार्ड मोजक्यांकडे असे आणि मनीऑर्डरचे कमिशन व कष्ट दोन्ही नकोसे होत. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि जुलै २०२० मध्ये त्यातील ‘ऑटोपे’ ही ठरावीक मुदतीने आपोआप रक्कम वळती करण्याची सोय सुरू झाली. लहान वर्गणीसाठी हा मोठा बदल ठरला.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आवर्ती देयकांसाठी नियम कडक केले. पहिल्या वेळी ग्राहकाची स्पष्ट संमती आणि दर वेळी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना बंधनकारक झाली. अतिरिक्त पडताळणीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा पाच हजार रुपये होती. ती जून २०२२ मध्ये पंधरा हजार करण्यात आली. हे नियम ग्राहकाच्या हिताचे आहेत. परंतु त्यांच्याशी जुळवून न घेतलेल्या परदेशी संकेतस्थळांवरील भारतीय कार्डांची मासिक देयके तेव्हा अडखळली, आणि त्यांवर विसंबलेल्या भारतीय चित्रकारांना फटका बसला. भारतीय वाचकांसाठी भारतीय देयकव्यवस्था आणि परदेशस्थ वाचकांसाठी वेगळी, अशा दोन वाटा ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे.

कायद्याच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट हक्कांची. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार चित्रकथेचा पहिला हक्कधारक सामान्यतः तिचा निर्माता असतो. हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर ते भारतापुरते धरले जाते. चांगल्या मंचाने हस्तांतरण मागूच नये. प्रसिद्धीचा परवाना पुरेसा असतो, आणि चित्रकाराला हवे तेव्हा आपली मालिका काढून नेण्याची मुभा करारात लिहिलेली असावी.

दुसरी गोष्ट विदेशी पैशाची. अमेरिकेतील किंवा आखातातील मराठी कुटुंबे अशा उपक्रमाला आनंदाने हातभार लावतील. पण विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० मध्ये ज्यांना विदेशी योगदान घेण्यास मनाई आहे त्यांच्या यादीत नोंदणीकृत वृत्तपत्राच्या वार्ताहर व संपादकाबरोबर व्यंगचित्रकाराचाही नावानिशी उल्लेख आहे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दृक्‌श्राव्य बातम्या व चालू घडामोडी देणाऱ्या संस्थांच्या व्यंगचित्रकारांनाही ते लागू होते. नेहमीच्या व्यवहारातील वस्तू वा सेवेचे मोल आणि देणगी यांत कायदा फरक करतो. राजकीय व्यंगचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या मंचाने परदेशातून एक डॉलर घेण्यापूर्वीही जाणकार सनदी लेखापालाचा किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा.

तिसरी गोष्ट कराची. वाचकाने दिलेली रक्कम हे उत्पन्न आहे, त्याचा हिशेब हवा. सेवांसाठी वस्तू व सेवा कराच्या नोंदणीची मर्यादा वार्षिक वीस लाख रुपयांची उलाढाल आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्था नसताना ‘देणगीवर करसवलत’ असे सांगणे चुकीचे ठरेल.

चौथी गोष्ट अभिव्यक्तीची, आणि येथे महाराष्ट्रातलेच उदाहरण आहे. व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचे भ्रष्टाचारविरोधी व्यंगचित्रांचे संकेतस्थळ डिसेंबर २०११ मध्ये मुंबई पोलिसांकडे गेलेल्या तक्रारीनंतर सेवापुरवठादाराने बंद केले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांना मुंबईत अटक झाली. राजद्रोहाचा आरोप पुढे सरकारने मागे घेतला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये या प्रकरणी निकाल देताना राजद्रोहाच्या कलमाच्या वापराच्या मर्यादा स्पष्ट केल्या. न्यायालयाचे शब्द येण्यास वर्षे लागली, संकेतस्थळ मात्र त्याआधीच बंद झाले होते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार इतरांचा मजकूर प्रसिद्ध करणाऱ्या मध्यस्थाने तक्रार अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच देणे आणि विहित मुदतीत तिचा निपटारा करणे अपेक्षित आहे. वाचकांच्या पैशावर चालणाऱ्या मंचाला जाहिरातदाराची भीती नसते, पण सेवापुरवठादार आणि तक्रारदार यांच्यापासून त्याची सुटका नसते.

मंच बंद पडला तर?

‘स्मॅक जीव्ह्‌ज’ हा एकेकाळचा गजबजलेला वेबकॉमिक मंच मालकी बदलल्यानंतर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. योगायोग असा की त्याच दिवशी अडोबीने ‘फ्लॅश’ या तंत्राचा आधार काढून घेतला. फ्लॅशमध्ये केलेल्या असंख्य हलत्या चित्रकथा त्यानंतर सहजी पाहता येईनाशा झाल्या. मराठीची अवस्था याहून नाजूक आहे. युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी ज्या-त्या संकेतस्थळाचा स्वतःचा फॉन्ट असे. तो फॉन्ट गेला आणि मजकुराची अगम्य अक्षरे उरली.

यासाठी काही पथ्ये पाळावीत. मूळ चित्रे मोठ्या आकारात, थरांसह वेगळी जपावीत. फुग्यांतील संवाद चित्राच्या वेगळ्या थरावर ठेवावेत आणि युनिकोड मराठीत स्वतंत्र लिहूनही ठेवावेत. त्यामुळे चित्रकथा शोधयंत्राला सापडते, दृष्टिहीन वाचकाला ऐकता येते आणि उद्या भाषांतर करायचे तर चित्र खरवडावे लागत नाही. संग्रहाची एक प्रत मंचाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असावी. वाचकांच्या संपर्काची यादी, त्यांच्या संमतीने, मंचाच्या स्वतःच्या ताब्यात असावी. आणि मंच बंद करावा लागलाच तर किमान सहा महिने आधी सूचना देण्याचे वचन पहिल्याच दिवशी जाहीर करावे.

साठोत्तरी काळात मराठीत ‘असो’, ‘वाचा’ यांसारखी लघुअनियतकालिके निघाली. ‘अनियतकालिक’ या शब्दातच एक प्रामाणिकपणा होता. जमेल तेव्हा अंक काढू, खोटे वेळापत्रक देणार नाही, असे ते सांगत असे. दरमहा पैसे घेणाऱ्या मंचाला ही मोकळीक नाही. पन्नास रुपयांच्या बदल्यात त्याला नियमितपणा द्यावा लागतो. म्हणूनच सुरुवात दहा मालिकांनी न करता दोन-तीन मालिकांनी करावी, किमान आठ-दहा भाग तयार असल्याशिवाय पहिला भाग प्रसिद्ध करू नये, आणि चित्रकार आजारी पडला तर काय, याचे उत्तर आधीच ठरवून ठेवावे. मोठ्या शहरांबाहेरची चित्रे, तिथली बोली आणि तिथला विनोद मराठीत यायचा असेल तर हा खर्च कोणी तरी उचलायला हवा. जाहिरातदार आणि मोठ्या कंपन्या तो उचलतील तेव्हा आपल्या अटींवर उचलतील. वाचकाने तो उचलला तर त्याची अट बहुधा एकच असते : पुढचा भाग वेळेवर यावा.